संशयाचे वक्तृत्व



न्यायालयातील वक्तृत्व म्हटले की काळा डगला, उंचावलेला हात, साक्षीदाराला कोंडीत पकडणारा शेवटचा प्रश्न आणि खचाखच भरलेल्या दालनात उठणारी कुजबुज असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. नाटकांनी आणि चित्रपटांनी ते इतक्या वेळा रंगवले आहे की वकिलाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, हीच मन वळवण्याची एकमेव रीत असावी असा समज होतो. आजच्या व्याख्यानासाठी निवडलेल्या कलाकृतीत मात्र एकाही वकिलाचा आवाज ऐकू येत नाही. रेजिनाल्ड रोझ यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ सुरू होते तेव्हा साक्षी, उलटतपासणी आणि दोन्ही बाजूंची भाषणे आटोपलेली असतात, न्यायाधीश कंटाळलेल्या स्वरात ज्यूरीला तिचे कर्तव्य समजावून सांगत असतात आणि बारा पुरुष एका खोलीत बंद होण्यासाठी उठतात. जे काही घडायचे ते यानंतर घडते, आणि ज्यांच्यात घडते त्यांच्यापैकी कोणाचाही धंदा बोलण्याचा नाही; अपवाद असलाच तर फिरत्या विक्रेत्याचा आणि जाहिरात व्यवसायातल्या गृहस्थाचा, आणि मन वळवण्याच्या कामात नेमके हे दोघेच सर्वांत कुचकामी ठरतात, ही रोझ यांची खोच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रोझ यांनी स्वतः न्यूयॉर्कमधील एका ज्यूरीवर काम केले होते आणि त्या अनुभवातून ही संहिता उभी राहिली. २० सप्टेंबर १९५४ रोजी ती सीबीएस वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ या मालिकेत थेट प्रक्षेपित झाली; १९५७ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी तिच्यावर आपला पहिला चित्रपट केला. शहाण्णव मिनिटांच्या या चित्रपटातील जेमतेम तीन मिनिटे सोडली तर कॅमेरा त्या खोलीतून आणि तिला लागून असलेल्या स्वच्छतागृहातून बाहेर पडत नाही. अठरा वर्षांच्या, झोपडवस्तीत वाढलेल्या एका मुलावर बापाला चाकूने भोसकल्याचा आरोप आहे, आणि तो दोषी ठरला तर मृत्युदंड अटळ आहे. पहिल्या मतदानात अकरा हात ‘दोषी’ म्हणून वर होतात आणि एक खाली राहतो. तो हात हेन्री फोंडा यांनी साकारलेल्या आठव्या सदस्याचा.

या कथेविषयी बोलताना ‘एका माणसाने अकरा जणांना पटवून दिले’ असे सहज म्हटले जाते. पण काय पटवून दिले? मुलगा निर्दोष आहे, असे हा माणूस प्रारंभी म्हणत नाही, मध्ये म्हणत नाही आणि शेवटीही म्हणत नाही. त्याला विचारले तर तो म्हणतो की ठाऊक नाही. एखादी गोष्ट खरी आहे असे पटवणारे वक्तृत्व जगाला परिचित आहे. एखादी गोष्ट आपल्याला पुरेशी ठाऊक नाही असे पटवणारे वक्तृत्व त्याहून दुर्मीळ आणि त्याहून अवघड. या नाटकात दिसते ते दुसऱ्या जातीचे आहे, आणि त्याची साधने, त्याचे नियम व त्याची लबाडी ही सगळीच वेगळी आहेत, हा या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा होय.

प्रथम नियम. हे नाटक ज्या एका नियमावर उभे आहे तो म्हणजे एकमताचा नियम: बाराही जणांचे मत एक झाल्याखेरीज निकाल लागत नाही, आणि ते झालेच नाही तर ज्यूरी अडली असे जाहीर करून खटला नव्या ज्यूरीपुढे पुन्हा चालवता येतो. एकट्या माणसाच्या शब्दाला त्या खोलीत जे वजन येते ते त्याच्या वाणीमुळे येण्याआधी या नियमामुळे येते. हा नियम नसेल तर काय होते, याचे उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि त्यांचे भाषण सगळे मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. ज्यूरी नऊ जणांची होती, तिच्यातले सात युरोपियन आणि दोन पारशी. ज्या मराठी लेखांवरून खटला भरला ते लेख मुळातून वाचू न शकणाऱ्या, इंग्रजी भाषांतरावर विसंबणाऱ्या लोकांचे मन वळवण्याचा तो प्रयत्न होता, आणि ती भाषांतरे सदोष आहेत हे दाखवण्यातच त्या भाषणाचा मोठा भाग खर्ची पडला. २२ जुलैच्या रात्री निकाल आला: सात विरुद्ध दोन. न्यायाधीशांनी बहुमत स्वीकारले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. त्या दोघांचे मत काय होते, का होते, ते उरलेल्या सातांना ऐकून घ्यावे लागले का? कायद्याने तशी गरजच ठेवली नव्हती. दोन जणांची शंका मोजली गेली, ऐकली गेली नाही. १८९७ च्या खटल्यातही सहा विरुद्ध तीन अशीच फाळणी झाली होती. मतभेद जिथे केवळ मोजून निकालात काढता येतात तिथे मन वळवण्याची कला कितीही थोर असली तरी तिला शिरायला दारच नसते. न्यूयॉर्कच्या त्या खोलीत हे दार नियमाने उघडे ठेवले होते, आणि आठव्या सदस्याचे श्रेय ठरवताना त्यातला मोठा वाटा नियमाला द्यावा लागेल.

आता साधने. आठव्या सदस्याची पहिली मागणी विलक्षण लहान आहे. तो मत बदला म्हणत नाही. तासभर बोलू या म्हणतो. मुलाची आई तो नऊ वर्षांचा असताना वारली, बाप तुरुंगात असताना त्याला अनाथालयात राहावे लागले, तो आयुष्यभर मार खात आला, तेव्हा त्याच्याविषयी थोडे बोलणे आपण त्याचे देणे लागतो, एवढेच त्याचे म्हणणे. यात युक्तिवाद जवळजवळ नाहीच. पण जो माणूस थोडेच मागतो त्याला नाही म्हणताना नाही म्हणणाराच उद्धट दिसतो, आणि एकदा तास दिला की त्या तासात ऐकावे लागते. शिवाय पहिल्या मतदानाचे दृश्य नीट पाहिले तर एक बारकावा दिसतो: काही हात झटकन वर जातात, आणि काही मात्र आजूबाजूला पाहून, चाचरत, मागाहून उचलले जातात. अकरा मते म्हणजे अकरा खात्र्या नव्हेत, हे ल्युमेट यांनी एकही शब्द न उच्चारता सांगून टाकले आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश हे मानसशास्त्रज्ञ याच प्रश्नाचा प्रयोगशाळेत शोध घेत होते. समान लांबीची रेघ ओळखण्याचे अगदी सोपे काम. मात्र खोलीतले इतर सगळे, आधी ठरवून, चुकीचे उत्तर देणारे. एकट्या पडलेल्या माणसांची सुमारे एकतृतीयांश उत्तरे अशा वेळी चुकीच्या बहुमताकडे झुकली. पण सोबत खरे उत्तर देणारा एकच जोडीदार दिला की ते प्रमाण घसरून आधीच्या सुमारे पाव हिश्शावर आले. आठव्या सदस्याचा दुसरा डाव याच्याशी ताडून पाहावा. तो म्हणतो की गुप्त मतदान घ्या, त्यात आपण भाग घेणार नाही, आणि अकराही चिठ्ठ्यांवर ‘दोषी’ असेच निघाले तर आपण विरोध सोडू. वरवर पाहता हा जुगार आहे. प्रत्यक्षात त्याने चाचरत वर आलेल्या हातांना पडद्याआड बोलण्याची सोय करून दिली. त्याला अकरा नको होते, एक हवा होता. तो मिळतो: वृद्ध नववा सदस्य. आणि नववा काय कारण देतो? मुलगा निर्दोष वाटतो म्हणून नव्हे, तर सगळ्यांपुढे एकट्याने उभे राहणे सोपे नसते आणि या माणसाने आधाराची अपेक्षा केली, म्हणून तो दिला. पुराव्याविषयीचे त्याचे मत अजून हललेले नाही. हलली आहे ती पुरावा ऐकण्याची इच्छा.

येथे एक कटू गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. हॅरी कॅल्व्हेन आणि हान्स झायझेल यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन ज्यूरीच्या अभ्यासात असे आढळले की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत पडते तिचाच निकाल दहांपैकी सुमारे नऊ खटल्यांत लागतो. म्हणजे रोझ यांनी रंगवलेली घटना नेहमीची नाही; ती अपवादातला अपवाद आहे. नाटककाराला तो अधिकार असतो, पण प्रेक्षकाने ते विसरू नये.

तिसरे साधन वस्तूचे. सरकार पक्षाचे म्हणणे असे की खुनात वापरलेला खटक्याचा चाकू असाधारण नक्षीचा आहे, तो मुलाने त्याच संध्याकाळी विकत घेतला होता आणि दुकानदाराने तसा दुसरा चाकू कधी पाहिलेला नाही. मुलगा म्हणतो, चाकू खिशाच्या भोकातून पडला. ‘त्याच रात्री दुसऱ्याच कोणी हुबेहूब तसाच चाकू वापरला म्हणता?’ असा उपहास चालू असताना आठवा सदस्य खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलात खुपसतो. आदल्या रात्री मुलाच्या वस्तीतल्या एका दुकानातून त्याने तो अल्प किमतीत घेतलेला असतो. सभागृहात टाळी घेणारा हा क्षण आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो सरळसरळ गैरवर्तन आहे. ज्यूरीने न्यायालयात मांडलेल्या पुराव्यावरच निर्णय द्यावा, तिच्यातल्या कोणी स्वतः तपास करू नये, बाहेरची वस्तू खोलीत आणू नये, हा नियम यासाठी आहे की अशा पुराव्याची उलटतपासणी करायला दुसरी बाजू तिथे हजर नसते. उद्या एखाद्या पूर्वग्रहदूषित सदस्याने आरोपीच्या वस्तीत फेरफटका मारून तिथले भयंकर वर्णन ज्यूरीपुढे ठेवले तर? आठव्याला दिलेली सवलत त्याला कोणत्या तोंडाने नाकारायची? नाटक हा प्रश्न विचारत नाही. न विचारण्यातच त्याचे कौशल्य आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली: वक्त्याच्या शीलावरचा विश्वास, श्रोत्याच्या भावनेला घातलेला हात आणि विषयाचा युक्तिवाद. परीक्षेच्या पुस्तकांत या नाटकाची चिरफाड बहुधा याच तीन खणांत केली जाते, आणि आठवा युक्तिवादाचा, तिसरा भावनेचा, अशी वाटणी होते. ही वाटणी फसवी आहे. चाकू टेबलात खुपसणे हा युक्तिवाद आहे की नाट्य? आणि जो भावनेचा पुतळा म्हणून ओळखला जातो तो तिसरा सदस्य (ली जे. कॉब यांची ही भूमिका) प्रारंभी कागदावर मुद्दे टिपून क्रमाने वस्तुस्थितीच मांडत असतो. खणांपेक्षा या खोलीचे व्यवहार अधिक गुंतागुंतीचे आहेत, आणि त्यांच्यासाठी भारतीय न्यायशास्त्राची परिभाषा ग्रीक परिभाषेहून अधिक उपयोगी पडते, असे येथे सुचवायचे आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ गणले आहेत, आणि त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे, तर निर्णयाचे स्थान नववे. संशय ही मनाची दुर्बलता नसून निर्णयाकडे जाण्याची आवश्यक पायरी आहे, आणि पक्ष व प्रतिपक्ष यांच्या घर्षणातून झालेले निश्चयन म्हणजे निर्णय, असा हा विचार आहे. त्या खोलीत पहिल्या पाच मिनिटांत अकरा जणांनी पायरी गाळून निर्णय गाठला होता. आठवा त्यांना पायऱ्या उतरून पुन्हा संशयापाशी आणतो. पुढे न्यायसूत्रे चर्चेचे तीन प्रकार सांगतात. सत्य कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही, केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे म्हणजे वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ ही जवळजवळ शिवीच झाली आहे. पण आठवा सदस्य नेमके काय करतो? बापाला कोणी मारले, हे तो सांगत नाही. पर्यायी कथा उभी करत नाही. एक साक्ष घेतो, तिचा टाका उसवतो, बाजूला ठेवतो आणि दुसरी घेतो. शास्त्रकारांच्या कसोटीने ही शुद्ध वितंडा आहे.

मग ती निंद्य का ठरत नाही? कारण फौजदारी न्यायात सिद्ध करण्याचे ओझे एकाच बाजूवर टाकलेले असते. वाजवी संशयापलीकडे गुन्हा शाबीत करणे हे सरकार पक्षाचे काम. आरोपीला काहीही सिद्ध करायचे नसते. ज्या व्यवहारात एका बाजूला स्वतःचा पक्ष मांडण्याची सक्तीच नाही तिथे खंडन हेच पूर्ण कर्तव्य होऊन बसते. चित्रपटात रंगारी असलेला सहावा सदस्य स्वच्छतागृहात आठव्याला गाठून विचारतो की समजा तुम्ही आम्हा सगळ्यांना फिरवले आणि पोराने खरोखरच बापाला मारलेले निघाले, तर? संपूर्ण नाटकातला हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. आठवा त्याला उत्तर देत नाही, कारण वितंडेपाशी त्याचे उत्तर असू शकत नाही.

जल्पातली हत्यारेही तो वर्ज्य मानत नाही. न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार आहेत, त्यांतला उपचारछल म्हणजे लाक्षणिक अर्थाने बोललेले वाक्य मुद्दाम वाच्यार्थाने घेणे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या साक्षीदाराने मुलाला ‘ठार मारीन’ असे ओरडताना ऐकले, आणि सरकार पक्षाने ते शब्दशः घेतले. म्हणजे छल आधीच झालेला होता. माणसे रागाच्या भरात असे दिवसातून दहादा म्हणतात, हे आठवा सांगून पाहतो. कोणी ऐकत नाही. मग तो तिसऱ्याला डिवचत जातो, तुम्हाला हा मुलगा स्वतःच्या हाताने मरायला हवा आहे असे सर्वांदेखत सुनावतो, आणि तिसरा अंगावर धावून येत तेच शब्द ओरडतो. आता आठव्याला फक्त शांतपणे विचारायचे असते, तुम्ही खरोखर मला ठार मारणार आहात का? एका छलाचा उतारा दुसऱ्या छलाने काढला गेला आहे. सिद्धान्त सांगून जे झाले नाही ते विरोधकाच्याच तोंडून वदवून घेतले. यात कौशल्य आहे, आणि थोडी क्रूरताही. तिसरा हा स्वतःच्या मुलाशी भांडण होऊन त्याचे तोंड दोन वर्षे न पाहिलेला बाप; त्याची ही जखम ओळखून आठव्याने बोट तिथे ठेवले.

विरोधकाच्या तोंडून वदवून घेणे, हे या नाटकाचे सर्वांत मोठे तंत्र आहे आणि त्याच्यावर थोडे रेंगाळणे योग्य ठरेल. म्हातारा साक्षीदार म्हणाला होता की धडपडण्याचा आवाज ऐकल्यावर आपण पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो आणि मुलाला पळताना पाहिले. त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, एक पाय ओढत चालणारा. हे अंतर तो इतक्या वेळात काटू शकेल का, यावर वादावादी चालू असताना तिसराच तिरीमिरीत बोलून जातो की म्हाताऱ्याचा निम्मा वेळ गोंधळ उडालेला होता, त्याला कशाची खात्री असणार? आपल्याच साक्षीदाराचा गळा त्याने आपल्याच हाताने दाबला, हे त्याला बोलून झाल्यावर कळते. त्यानंतर घराचा नकाशा मागवला जातो, खोलीत खुर्च्या मांडून अंतर आखले जाते, आणि आठवा पाय ओढत ते चालून दाखवतो. चित्रपटात घड्याळात एकेचाळीस सेकंद होतात. पंधरा आणि एकेचाळीस यांतली तफावत कोणी सांगितली असती तर ती आकडेमोड ठरली असती. येथे अकरा माणसे घड्याळाकडे पाहत थांबतात, त्यांना तो वेळ लांबत जाताना सोसावा लागतो, आणि निष्कर्ष ज्याचा त्याला स्वतः काढावा लागतो. दुसऱ्याने सांगितलेल्या कारणाला मनुष्य उत्तर शोधतो. स्वतः शोधलेल्या कारणाला तो बिलगतो.

म्हणूनच आठव्याने उघडलेल्या फटीतून पुढचे शोध इतर जण लावतात. झोपडवस्तीत वाढलेला पाचवा सदस्य, जो सुरुवातीला आपल्या मुळाविषयी गप्प होता, तो सांगतो की खटक्याचा चाकू चालवणारा हात खालून वर वार करतो, वरून खाली नव्हे, आणि बापाच्या छातीतली जखम वरून खाली गेलेली आहे. ज्या जन्माची लाज वाटत होती तीच येथे अधिकारवाणी झाली. नववा सदस्य त्या म्हाताऱ्या साक्षीदाराचा फाटका कोट आठवून सांगतो की आयुष्यभर ज्याचे कोणी ऐकले नाही त्याला एकदा तरी महत्त्व मिळावे असे वाटले असेल, तो खोटे बोलला नसेल, पण स्वतःला पटवून बसला असेल. हे पुराव्याविषयीचे अनुमान आहे खरे, पण ते एका वृद्धाने दुसऱ्या वृद्धाविषयी केलेले आहे, आणि त्याचे बळ तर्कापेक्षा तिथे आहे. घड्याळजी असलेला अकरावा सदस्य परदेशातून येऊन वसलेला. त्याला या देशातली ज्यूरीची प्रथा इथे जन्मलेल्यांपेक्षा अधिक मोलाची वाटते, आणि दहावा जेव्हा आरोपीच्या अशुद्ध इंग्रजीची टर उडवतो तेव्हा त्याच वाक्यातले दहाव्याचे व्याकरण हाच परका दुरुस्त करतो.

सर्वांत कठीण श्रोता चौथा. शेअर दलाल, थंड, नीटनेटका, घाम न येणारा. मुलगा निर्दोष नाही असे तो रागावाचून म्हणतो, म्हणून त्याच्यापुढे आठव्याचे डिवचण्याचे तंत्र निरुपयोगी ठरते. मुलाने आपण खुनाच्या वेळी चित्रपट पाहत होतो असे सांगितले, पण चित्रपटांची नावे त्याला आठवली नाहीत. चौथ्याच्या दृष्टीने खोटेपणाचा हा पुरावा निर्णायक. मग आठवा त्याची साधी विचारपूस करतो: काल रात्री काय केले, परवा काय, त्याच्या आदल्या दिवशी? तिथे चौथ्यालाही एक चित्रपट आठवतो, त्याचे नाव किंचित चुकते, नटांची नावे आठवत नाहीत, आणि त्याच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसतो. तरीही तो फिरत नाही, आणि रोझ यांचा हा संयम प्रशंसनीय आहे. प्रामाणिक माणूस एका पेचाने मत बदलत नाही. समोरच्या इमारतीतल्या बाईने धावत्या गाडीच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून खून पाहिला, ही साक्ष त्याच्यापाशी उरतेच. ती कोसळते ती चौथ्याच्या नाकावर चष्म्याने पाडलेल्या दोन खुणा नववा पाहतो तेव्हा. तशाच खुणा त्या बाईच्या नाकावर होत्या. चष्मा घालून कोणी झोपते का, असे विचारल्यावर चौथा स्वतःच्या सवयीवरून उत्तर देतो, नाही, आणि मग सावकाश म्हणतो की आता आपल्यालाही वाजवी संशय आहे. पुरावा त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होता.

मत बदलणाऱ्या सगळ्यांना कारण असतेच असेही नाही. सातव्याच्या खिशात बेसबॉल सामन्याची तिकिटे आहेत. वारे फिरलेले पाहून तो फिरतो, आणि अकरावा त्याच्यावर उखडतो. विजय मिळत असताना विजयी पक्षातल्याच माणसाने निष्कारण मिळालेले मत नाकारावे, कारण मागावे, हा प्रसंग नाटकाच्या नीतीचा गाभा म्हणावा लागेल. दहाव्याच्या बाबतीत तर कोणी बोलतच नाही. ‘ती माणसे’ जन्मतःच कशी असतात, यावर त्याचे गरळ ओकणे सुरू होते तेव्हा एकेक जण टेबलापासून उठून पाठ फिरवतो. द्वेषाशी प्रतिवाद केला तर त्यालाही एक बाजू असल्याचा मान मिळतो. रोझ यांनी तो दिला नाही. बोलतो तो एकटा चौथा, जो अजून दहाव्याच्याच बाजूचा आहे, आणि तो इतकेच सांगतो की खाली बसा, पुन्हा तोंड उघडू नका.

या साऱ्यात तेराव्या सदस्याचा, म्हणजे प्रेक्षकाचा, हिशेब राहून जाऊ नये. ल्युमेट यांनी नंतर सांगितले आहे की चित्रपटाचा पहिला तृतीयांश डोळ्यांच्या पातळीच्या वरून, दुसरा समपातळीवरून आणि शेवटचा खालून चित्रित केला, भिंगेही उत्तरोत्तर लांब पल्ल्याची वापरली, म्हणजे भिंती जवळ येतात, छत दिसू लागते आणि खोली आकसल्यासारखी वाटते. हे उघड तंत्र झाले. छुपे तंत्र प्रारंभीच आहे: न्यायालयातून ज्यूरी निघताना त्या मुलाचा केविलवाणा, मोठ्या डोळ्यांचा चेहरा पडद्यावर बराच वेळ राहतो आणि रिकाम्या खोलीच्या चित्रात हळूहळू विरतो. एकही साक्ष ऐकण्याआधी प्रेक्षकाने आपले मत दिलेले असते. शिवाय ‘दोषी’ म्हणणारे अखेरचे बहुतेक जण उर्मट, द्वेष्टे किंवा उथळ रंगवले आहेत, आणि फोंडा यांचा सूट पांढरा आहे. पूर्वग्रहाविरुद्धचे हे नाटक प्रेक्षकाच्या पूर्वग्रहावरच स्वार होते, हा त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप, आणि चौथ्या सदस्याची भूमिका नसती तर त्याला उत्तर देणे अवघड झाले असते.

बासू चॅटर्जी यांनी ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने १९८६ मध्ये हीच कथा हिंदीत आणली आणि पंकज कपूर यांनी तिसरा सदस्य केला, तेव्हा भारतात फौजदारी खटल्यांसाठी ज्यूरी उरलेली नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच दिली गेली नाही. प्रेक्षकांना ते खटकले नाही, हेही बोलकेच आहे. ज्यूरीविषयीचा भारतीय अविश्वास बहुधा एकाच खटल्याच्या नावाने ओळखला जातो. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या कमांडर नानावटींना नऊपैकी आठ जणांनी दोषी नाही ठरवले. बाहेर रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने आरोपीची बाजू लावून धरली होती, आणि गणवेशातला देखणा, सन्मान्य नौदल अधिकारी व फसवला गेलेला पती हे चित्र शहराच्या मनात पक्के झाले होते. न्यायाधीशांनी तो निकाल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला होता हा समज चुकीचा आहे, पण तो इतका रूढ का झाला हे समजण्याजोगे आहे. न्यूयॉर्कच्या काल्पनिक खोलीत अनाकर्षक, गरीब, बेवारस आरोपीविषयी शंका निर्माण करायला एका माणसाला संपूर्ण दुपार झगडावे लागले. मुंबईच्या खऱ्या खोलीत ती शंका आरोपीबरोबरच आत आली होती. दोन्हीकडे शब्द एकच, संशयाचा फायदा. एकीकडे तो कमावला गेला, दुसरीकडे बहाल झाला, आणि त्या नवव्या मताला मुंबईत कोणाचे मन वळवण्याची संधी मिळाली की नाही, हे एकमताचा नियम नसलेल्या व्यवस्थेत महत्त्वाचे राहिलेच नाही.

शेवटी तिसरा सदस्य. अकरा एका बाजूला झाले आहेत, आणि आठवा फक्त एवढेच म्हणतो की आम्हाला तुमचे म्हणणे ऐकायचे आहे. प्रारंभीची मागणी आता उलटी फिरली आहे. तेव्हा एकट्याने अकरांकडे वेळ मागितला होता, आता अकरा एकट्याला वेळ देत आहेत. तिसरा टिपणे काढतो, प्रत्येक साक्ष पुन्हा मांडतो, आणि प्रत्येक साक्ष मांडताना तिचे झालेले तुकडे त्यालाच दिसत जातात. कोणी खंडन करत नाही. पाकिटातून मुलाबरोबरचा फोटो टेबलावर पडतो, तो फाडतो, आणि रडत म्हणतो, दोषी नाही. हे मन वळणे आहे की मन मोडणे? तर्काने तो हरला होता ते बरेच आधी. संशयाचे वक्तृत्व त्याच्यापर्यंत पोचले ते सगळे बोलायचे थांबल्यानंतर. ज्यूरीला आपल्या निकालाची कारणे द्यावी लागत नाहीत. निकालपत्रात तिसऱ्याचे मत इतर अकरांसारखेच नोंदले जाईल, चौथ्याच्या चष्म्याचा, सातव्याच्या तिकिटांचा किंवा त्या फाटलेल्या फोटोचा उल्लेख त्यात कुठेही येणार नाही.